निम्मे आजी

भाव पूर्ण सांगून व्हायच्या आत त्या म्हणायच्या, "निम्मे." परात असो, पडदा असो, कान तुटलेला कप असो. किंमत किती हे त्यांना ऐकायचंच नसे. जी असेल तिची निम्मी करायची, हे घरून ठरवूनच त्या निघत. एकदा आमच्या मंदाताईंनी त्यांना गुडघ्यांसाठी ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी सांगितलं, रोज सकाळी मैदानाला चार फेऱ्या मारा. आजी म्हणाल्या, "दोन." डॉक्टरीणबाई तीनवर आल्या. आजी उठून दाराकडे निघाल्या, कारण भाव करताना उठून निघायचं असतं. बाईंनी मागून हाक मारली आणि दोनवर सौदा झाला. बाहेर आल्यावर आजी आपल्या खान्देशी बोलीत मंदाताईंना म्हणाल्या, "चांगली शे बाई. ऐकते."

त्यांचं खरं नाव आधार कार्डावर असेल. आम्ही त्यांना निम्मे आजी म्हणायचो, तोंडावरसुद्धा, आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. उलट नव्या गिऱ्हाइकाला त्या स्वतःच सांगत, "विचारा या ताईंना, निम्मे आजी कोन ते."

आजींची आमची गाठ पडली ती आमच्या दुकानात. दुकान म्हणजे सुरतेच्या पांडेसऱ्यातली एक मोठी खोली आणि तिला एक शटर. लोक घरातलं वापरलेलं पण धड सामान आणून देतात, आमचं महिला मंडळ ते विकतं आणि त्या पैशांवर मुलांची अभ्यासिका चालते. एका खोलीत सहा माणसं राहत असतील, तर त्या घरातल्या पोरानं दहावीचा अभ्यास कुठं करायचा, म्हणून ती काढलेली. खजिना शालिनीताईंकडे, गिऱ्हाइकांशी गोड बोलणं मंदाताईंकडे आणि मांडणी माझ्याकडे. मी अकोल्याकडची, लग्न होऊन सुरतेत आलेली. मला कामांची यादी केल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. दुकानात शर्ट मापानं, साड्या रंगानं आणि डबे उतरत्या उंचीनं लावलेले असत. आजी आल्या की पहिल्यांदा सगळ्यात खालचा डबा ओढायच्या.

दुकान अकराला उघडतं. आजी त्याआधीच पायरीवर पाय पसरून बसलेल्या असत. त्याचं कारण भवानी. दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाला कोणी रिकाम्या हातानं परत पाठवत नाही, पडत्या भावात का होईना पण देतं, हे खान्देशात खरं आणि सुरतेत तर त्याहून खरं. इथं त्याला बोणी म्हणतात आणि मोठमोठे शेठही बोणीच्या वेळी वाद घालत नाहीत. आजींनी हे शस्त्र आमच्यावर रोज चालवलं.

"आजी, आमच्याकडे भवानी-बिवानी काही नाही," शालिनीताई म्हणाल्या. "ही संस्था आहे. एकच भाव."

"संस्था असू द्या ना," आजी म्हणाल्या. "शटर शे ना? शटर शे तर भवानी शे."

शेजारी फरसाणाचं दुकान आहे. तिथले काका गल्ल्यावर बसून हे रोज ऐकायचे. आजींना ते गुजरातीत बा म्हणत. एकदा ते मला म्हणाले, "बेन, तुम्ही नशीबवान. माझ्याकडं बा पापडी घेते आणि मिरच्या निम्म्या भावात मागते. मिरच्या तर मी फुकट देतो."

जुन्या साडीची किंमत ठरवणं दुसऱ्या गावात सोपं असेल. सुरतेत ते संकट आहे. इथं कापड विणलं जातं, रंगतं, छापलं जातं आणि रिंग रोडच्या मार्केटात डागी लॉट निघाला की नवी साडी अशा भावात मिळते की तेवढ्यात तिला फॉल-पिको होणार नाही. आजींचा मुलगा डाइंग मिलमध्ये रंगखात्यात होता, त्यामुळे हे भाव त्यांच्या घरात जेवताना बोलले जात. आम्ही स्टिकर लावलेली साडी त्या दोन बोटांत धरायच्या.

"इतला भाव? इतल्यात रिंग रोडले नवी भेटस. वर पिशवी भेटस."

"आजी, ही चांगल्या घरातली आहे. एकदा-दोनदाच नेसलेली."

"मंग निम्मी नेसेल शे म्हना. निम्मे."

त्यात शालिनीताईंनी भाव फोनवर बघायला सुरुवात केली. त्यालाही कारण होतं. रविवारच्या बाजारात पथारी मांडणारे काही जण सकाळीच येऊन आमच्याकडचं चांगलं तेवढं उचलून न्यायचे आणि तिकडे दुपटीनं विकायचे. अभ्यासिकेचं भाडं वाढलेलं आणि नफा दुसऱ्याच्या पथारीवर, हे शालिनीताईंना सहन होईना. म्हणून वस्तू आली की ती फोनमध्ये शोधायची, नवीची किंमत बघायची, थोडं वजा करायचं आणि स्टिकर मारायचा. पथारीवाले यायचे थांबले. मग हळूहळू बाकीचेही थांबायला लागले. झाकण नसलेल्या थर्मासला कंपनीच्या थर्मासचा भाव लागला होता. लोक स्टिकर वाचायचे, एकमेकींकडे बघायचे आणि वस्तू जागेवर ठेवायचे, तीही नेमकी चुकीच्या जागेवर.

एक दिवस बीडकडची लक्ष्मी चिडली. तिचा नवरा गवंडी. हातात तिनं शाळेचा पांढरा शर्ट धरला होता.

"ताई, लोकांनी तुम्हाला फुकट दिलंय आन् तुम्ही मॉलच्या भावानं इकता?"

मी तिला अभ्यासिकेचं भाडं, लाइट बिल, पंखे, सगळं क्रमानं समजावून सांगितलं.

"माझी दोन पोरं तिथंच बसत्यात अभ्यासाला," ती म्हणाली. "बसायला जागा पायजे तसा घालायला शर्टबी पायजे ना. का उघड्यानं बसवू?"

मी पुन्हा भाड्यापासून सुरुवात केली. आजी मात्र तिच्या मदतीला धावल्या. "फोनवाली ताई," त्या शालिनीताईंना म्हणाल्या, "भाव फोनात शोधतेस, तर गिऱ्हाईकबी फोनातच शोध. आम्ही जातो घरी." आणि त्या उठून दाराकडे निघाल्या. आम्ही हाक मारली नाही. त्या दारात थांबल्या, मागं वळून बघितलं आणि म्हणाल्या, "हाक मारायची असते बाई, अशा वेळेले." मग स्वतःच परत येऊन बसल्या.

एवढं सगळं करून त्या घेत काय? चमचा, उशीचा अभ्रा, कधी सुनेला एखादा ब्लाउज. घेतलेल्याचे पैसे मात्र मोजून आणि लगेच. उधारी नाही, उपकार तर नाहीच. थंडीत मंदाताईंनी त्यांना एक कानटोपी तशीच देऊ केली. आजींचा चेहराच बदलला. "मी मांगाले आली का? मी घेवाले आली." मंदाताईंनी बिचाऱ्यांनी घाईघाईनं एक किंमत सांगितली. आजींनी ती निम्मी केली, पैसे दिले आणि टोपी घालून खुशीत गेल्या. मागणारी आणि घेणारी यांत त्यांच्या लेखी फार मोठं अंतर होतं.

म्हणूनच तो दिवस मला आठवतो. आजी सकाळी पायरीवर नव्हत्या. आल्या त्या भर दुपारी, दुकान गिऱ्हाइकांनी रिकामं आणि उकाड्यानं भरलेलं असताना. लक्ष्मी तेवढी शर्टांपाशी होती. आजी सरळ माझ्याकडे आल्या आणि लहान बाळांच्या कपड्यांच्या टोपलीपाशी उभ्या राहिल्या. टोपली गच्च होती. मी वरचं एक झबलं काढून त्यांच्यासमोर धरलं.

"पंधरा रुपये, आजी," मी म्हटलं आणि थांबले.

निम्मे आलं नाही.

"बरं, दहा."

तरी नाही. मी शालिनीताईंकडे बघितलं. त्याही बघत होत्या.

"पाच," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी भाव करत होते आणि तोही एकटीच. फरसाणवाले काका शटरपाशी येऊन उभे राहिले. "बा, आजे भाव नथी करवानो?" त्यांनी विचारलं.

"आज नाही," आजी म्हणाल्या. "आज विकतनं नको. आज मांगाले आली." आणि त्यांनी पदर पुढं धरला.

मंदाताईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मग हळूहळू सगळं कळलं. त्यांच्या सुनेला मुलगी झाली होती. दिवस भरायच्या आधीच आली, म्हणून दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. डॉक्टर म्हणत होते, आता धोका नाही, दोन-तीन दिवसांत घरी न्या. पण याआधी दोनदा पाळणा रिकामाच राहिला होता आणि आजींचा डॉक्टरांवर विश्वास होता तो निम्माच. उरलेल्या निम्म्यासाठी त्यांच्याकडे त्यांच्या सासूचं सांगणं होतं. ज्या घरात मूल टिकत नाही, तिथं बाळाला पाच घरचं जुनं मागून आणून घालायचं. विकत घेतलेलं नाही, नवं नाही. त्या घरातल्या पोरानं अंगावर घातलेलं, आणि उंबऱ्यावर उभ्या राहिलेल्या घरच्या बाईनं हातानं दिलेलं.

"आमच्या गल्लीतली दारं झाली मांगून," आजी म्हणाल्या. "दोनदा झाली. आता ती दारं नकोत माले."

मंदाताईंनी डोळे पुसले आणि टोपली उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवली. "आजी, पाच कशाला, यात सगळ्या सुरतेची घरं आहेत. हवं ते घ्या. बिल नाही, काही नाही."

आजींनी टोपलीत हात घातला, दोन-चार झबली चाळली आणि हात बाहेर काढला. "यांना दार कुठं शे? कोनी दिलं, कोनी घातलं, काय ठावं? पिशवीतून आलं, पिशवीत जाईल."

एका दुकानात बाळांच्या कपड्यांची टोपली भरलेली आणि त्यातलं एकही चालत नाही. किंमत कमी करून हा प्रश्न सुटणारा नव्हता. म्हणून मी मला येतं ते केलं. कागद घेतला आणि घरं मोजली. मी, मंदाताई, शालिनीताई. काका म्हणाले, "चौथं माझं. दोन वर्षांची नात आहे वर, तिची आजी देईल." पाचवं नाव सुचेना. तेवढ्यात शर्टांकडून लक्ष्मी म्हणाली, "माझ्याकडं या की, आज्जी. धाकट्याची कुंची हाय. पण चढ लई हाय आमच्याकडं, जिन्याला कठडा न्हाई."

"चढेन," आजी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन निघाले. पहिलं दार माझंच. आमच्या माळ्यावरच्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते, त्यामुळे मुलाचं टोपडं शोधायला वेळ लागला नाही. मी उंबऱ्याच्या आत उभी राहिले, आजी बाहेर. त्यांनी टोपडं उलटसुलट करून पाहिलं. "इतलं नीट ठेवेल शे. पोर कधी रडलं का यात?" मी म्हटलं, गळा फुटेपर्यंत रडायचा. त्यांचं समाधान झालं. मंदाताईंनी झबलं दिलं आणि वर इतकं रडल्या की आजींनाच त्यांची समजूत काढावी लागली. काकांच्या घरून दुपटं आलं, लक्ष्मीकडून कुंची. तो बिनकठड्याचा जिना आजी भिंतीला हात लावून चढल्या, पण कुठं निम्म्यावर थांबू म्हणाल्या नाहीत.

शालिनीताईंचं घर शेवटी ठेवलं होतं. लिफ्टनं वर गेलो. शालिनीताई दारात तयार होत्या, हातात पिवळं झबलं. आजींनी ते घेतलं, नाकाला लावलं आणि परत पुढं केलं.

"ताई, हे नवं शे."

शालिनीताई गोऱ्यामोऱ्या झाल्या. स्टिकर काढला होता, घडी मोडली होती, एकदा पाण्यातूनही काढलं होतं. पण कांजी कुठं जाते. "आजी, खरं सांगते, माझ्या मुलांचं काही उरलंच नाही. सगळं वेळच्या वेळी वाटून टाकलं."

"असू द्या," आजी म्हणाल्या आणि वळल्या. या वेळी त्या भाव करायला निघाल्या नव्हत्या. खरोखरच निघाल्या होत्या. चार घरं झाली होती, पाचवं राहिलं होतं आणि दवाखान्यातून उद्या सुट्टी होती. मी मनातल्या मनात दुसरी नावं जुळवायला लागले.

"थांबा," शालिनीताई म्हणाल्या.

त्या आत गेल्या. कपाटाच्या किल्लीचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या मुठीत निळ्या लोकरीचे दोन पायमोजे होते, अंगठ्याएवढे. त्यांचा नातू कॅनडात असतो. तीन वर्षांपूर्वी एकदाच आला, तान्हा असताना. सुरतेच्या उकाड्यात त्याला पायमोजे घातले म्हणून शालिनीताई सुनेला बोलल्या होत्या, हे आम्हाला माहीत होतं. मोजे इथंच विसरले गेले, हे माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "धुतले नाहीत कधी." आणि हात पुढं केला. हात पुढं आला, पण मूठ उघडायला जरा वेळ लागला.

आजींनी मोजे वास घेऊन पाहिले नाहीत. शालिनीताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्यांतला एक उचलला, पदरात टाकला आणि दुसरा शालिनीताईंच्या तळहातावर ठेवून त्यांची बोटं मिटली.

"निम्मे," त्या म्हणाल्या.

लिफ्टमध्ये मी त्यांना विचारलं, एका मोज्याचं काय करणार. त्या म्हणाल्या, "एक पाय झाकला तरी थंडी निम्मी."

मुलगी दुसऱ्या दिवशी घरी आली आणि तिनं बाळसं धरलं. बारशाला आम्ही सगळ्या गेलो. काकांनी पापडी आणली, मिरच्यांसकट. पोरीच्या अंगावर टोपड्यापासून मोज्यापर्यंत पाच घरं होती आणि ती सगळ्या घरांच्या वतीनं एकटीच रडत होती. शालिनीताई तिच्या त्या निळ्या पायाशी बराच वेळ बसून होत्या.

त्याच आठवड्यात शालिनीताईंनी फोनवरचे भाव बंद केले. आम्ही बसून नवे ठरवले. शाळेच्या कपड्यांना एक ठरलेला, अगदी कमी भाव. बाकी वस्तू आम्ही तिघींनी हातात घेऊन बघायच्या, आणि आपण स्वतः ती किती देऊन घेतली असती ते लिहायचं. पथारीवाल्यांसाठी एकाला एका दिवशी तीनच वस्तू. हे सगळं फळ्यावर लिहिलं आणि खाली शालिनीताईंनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली: "भवानीला निम्मे."

लोक परत आले. फारच आले. दहा वाजल्यापासून पायरीवर रांग आणि रांगेत भांडणं. "काल तूच पहिली होतीस." "मी चप्पल ठेवून गेले होते." "चपलेला भवानी मिळते का?" पूर्वी लोक आमच्या भावांवर चिडायचे, आता एकमेकांच्या नंबरावर चिडतात. माझ्या दृष्टीनं ही प्रगती आहे.

या गर्दीत आजीच मागं पडल्या. त्यांच्या मुलाला कोसाडला घर मिळालं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सामान टेम्पोत चढलं त्या दिवशी त्या आमच्या दुकानात आल्या, सगळ्यात खालचा डबा ओढून पाहिला, म्हणाल्या, "चलते," आणि दाराकडे निघाल्या. आम्ही तिघींनी एकदम हाक मारली. त्या हसल्या. "आता शिकल्या."

त्यानंतर त्या दोन-चार महिन्यांतून एकदा येत, बस बदलत. नात कडेवर, मग बोट धरून. मोजा केव्हाच आखूड झाला. तो आणि बाकीचं सगळं त्यांनी नव्या गल्लीतल्या एका सुनेला दिलं. मागून आणलेलं परत करायचं नसतं, पुढं द्यायचं असतं. शालिनीताईंच्या कपाटात एक आहेच.

गेल्या दिवाळीच्या आधी त्या आल्या तेव्हा साडेबारा वाजले होते. झाकणाचा एक स्टीलचा डबा त्यांनी निवडला, नातीच्या शाळेसाठी. मी भाव सांगायला तोंड उघडलं.

"निम्मे."

"आजी, भवानी सकाळीच झाली," मी फळ्याकडे बोट दाखवलं. "पहिल्या गिऱ्हाइकालाच निम्मे."

आजींनी फळ्याकडे पाहिलंही नाही. "तुमची झाली असेल," त्या म्हणाल्या. "मी कोसाडहून सरळ इथंच आली. माझी कुठं झाली अजून?"

मी शालिनीताईंकडे बघितलं. त्या मान खाली घालून पैसे लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं."

मी बिल निम्म्याचं केलं. आजींनी पैसे मोजून दिले, डबा नातीच्या हातात दिला, आणि नातीनं तो दोन्ही हातांनी छातीशी धरून, आमच्याकडे न बघता, दाराकडे चालायला सुरुवात केली.